सायकलने छाती मजबूत, हाडांचं काय? (पन्नाशीपुढच्या सायकलवाल्यांसाठी)

चाकधारी

पन्नाशी ओलांडलेल्या सायकलवाल्यांसाठी हा धागा काढतोय. तरुणांनी वाचला तरी हरकत नाही. हाडांची पुंजी जमते ती पंचविशी-तिशीपर्यंतच, पुढे नुसती मोडून खायची.

वय ५९, मुक्काम जुळे सोलापूर. बीपी नाही, शुगर नाही. तुळजापूरचा घाट अजून न उतरता चढतो. बायकोची डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) करायची होती, दोघांची एकदम केली तर सवलत होती, म्हणून मीही त्या टेबलावर आडवा झालो. तिचा रिपोर्ट ठीक आला. माझा कमरेच्या मणक्यांचा टी स्कोअर उणे २.१ आणि खुब्याचा उणे १.४. आता बाजारातून येताना "राहू द्या, पिशवी मी घेते" असं ऐकून घ्यावं लागतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: टी स्कोअर म्हणजे ऐन तारुण्यातल्या निरोगी माणसांच्या सरासरीशी केलेली तुलना. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या व्याख्येप्रमाणे उणे १ पर्यंत ठीक. उणे १ आणि उणे २.५ यांच्या मध्ये असेल तर घनता कमी, म्हणजे ऑस्टिओपेनिया. उणे २.५ किंवा त्याच्या खाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे ठिसूळ हाडं.

मला वाटलं मशीन चुकलं असेल. मग वाचायला लागलो. २००३ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात वर्षानुवर्षं कसून सायकल चालवणारे चाळीस ते साठ वयाचे पुरुष घेतले होते. त्यांच्या मणक्यांची आणि खुब्याची घनता त्याच वयाच्या, खेळाडू नसलेल्या पुरुषांपेक्षा कमी निघाली. म्हणजे संध्याकाळी कट्ट्यावर गप्पा मारणारा आमचा मित्र माझ्यापेक्षा भक्कम हाडांचा असू शकतो!

कारण ऐकलं की पटतं. हाड हे जिवंत असतं. जुनं खरवडून काढणाऱ्या पेशी वेगळ्या, नवीन भरणाऱ्या वेगळ्या, आणि कुठे भरायचं ते हाडावर पडणाऱ्या ताणावरून ठरतं. सायकलवर आपलं वजन सॅडलवर, हँडलवर. पाय नुसते गोल फिरतात. जमिनीचा दणका म्हणून हाडापर्यंत पोचत नाही. पोहण्याचंही तेच.

सायकल सोडणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तिच्या जोडीला काय करावं, हा प्रश्न आहे. अनुभवी आणि जाणकार, दोघांनीही लिहा.

अनुस्वार

रुमाल टाकून ठेवतो. आमच्या ग्रुपमध्ये निम्मे लोक साठीचे आहेत, लिंक पाठवतो सगळ्यांना.

मिलवाल्याचा नातू

काका, राग मानू नका, पण हे सगळं तपासण्यांचं फॅड आहे. माझे आजोबा जुन्या मिलमध्ये कामाला. सगळी हयात सायकलवर गेली. भोंगा व्हायच्या आत गेटवर हजर. ८४ व्या वर्षीसुद्धा पाठ ताठ होती. त्यांची कुणी डेक्सा केली होती? अख्खं गिरणगाव सायकलवर होतं तेव्हा, सगळे काय मोडून पडले?

अस्थिकलश

(मी हाडांचा डॉक्टर. हा आयडी कॉलेजातल्या मित्रांनी बहाल केलाय, बदलत नाही.)

नातूसाहेब, तुमच्या आजोबांचं उदाहरण चाकधारींच्याच बाजूचं आहे. आजोबा सायकल चालवायचे ती घर ते मिल, फार तर काही किलोमीटर. पुढे अख्खी पाळी मागासमोर उभं राहून. सुताचे गठ्ठे उचलणं, घरी आल्यावर पाणी भरणं, जेवायला मांडी घालून खाली बसणं आणि हात न टेकता उठणं. सायकल हा त्यांचा व्यायाम नव्हता, कामावर पोचायची सोय होती. हाडांना खुराक बाकीच्या दिवसात मिळत होता.

आजचा साठीचा सायकलपटू पहाटे दोन-तीन तास सॅडलवर असतो आणि नंतर दिवसभर खुर्चीत. "एवढा व्यायाम झालाय, आता आराम" म्हणून लिफ्टने वर जातो. शरीराच्या हिशेबाने तो दिवसभर बसलेलाच असतो. त्याच्या हृदयाला आणि फुप्फुसांना फायदा मिळतो, तो मोठा आहे, त्याबद्दल वाद नाही.

दुसरं, ठिसूळ मणका मोडतो तेव्हा पुष्कळदा कळतही नाही. "पाठ धरली" म्हणून माणूस आठ दिवस शेकतो आणि विसरतो. जुन्या लोकांची उंची म्हातारपणी कमी झालेली आपण सगळ्यांनी पाहिली आहे. त्यातले काही मणके चेपलेले होते. तरुणपणच्या उंचीपेक्षा चार सेंटीमीटरच्या वर फरक पडला असेल तर मणक्याचा एक्सरे काढावा.

डेक्साबद्दल थोडं. रेडिएशन छातीच्या एक्सरेपेक्षाही कमी असतं. पुढची तपासणी वर्ष-दोन वर्षांनी, आणि शक्यतो त्याच मशीनवर, नाहीतर दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. सोसायटीत शिबिरं होतात, टाच मशीनमध्ये ठेवून आकडा देतात. ती चाळणी आहे, निदान नव्हे. तो आकडा घेऊन गोळ्या सुरू करू नयेत. आणखी एक: वय झालेल्यांच्या मणक्याला झिजेमुळे हाडाची टोकं वाढलेली असतात, ती मोजणीत धरली जातात आणि मणक्याचा आकडा उगाच चांगला दिसतो. म्हणून खुब्याचा आकडा नेहमी शेजारी ठेवून वाचायचा.

सरसकट तपासणी बायकांनी ६५ नंतर आणि पुरुषांनी ७० नंतर करावी असं साधारण सांगतात. त्याआधी कधी करायची? किरकोळ पडण्यातून हाड मोडलं असेल, आई-वडिलांचा खुबा मोडलेला असेल, स्टिरॉइड महिनोन्महिने चालू असतील, थायरॉइडची गोळी गरजेपेक्षा जास्त होत असेल, पाळी लवकर गेली असेल, तंबाखू किंवा दारू असेल तर. चाकधारींच्या वयाला उणे २.१ आला आहे, तेव्हा सगळं खापर सायकलवर फोडून मोकळं होऊ नका. ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, थायरॉइड, किडनी आणि पुरुषांत टेस्टोस्टेरॉन एवढं डॉक्टरांकडून तपासून घ्या.

बे_एके_बे

काय बे काका, एवढं लांबचं कशाला बघायचं? डिसेंबरात सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतल्या नंदीध्वजांचा, त्या उंच जड काठ्यांचा, सराव सुरू होतोय की. काठी पेला, हाडं आपोआप टणक! सोलापूरकराला जिम कशाला लागते 😄

फिजिओताई

बे_एके_बे, तुम्ही गंमत केलीत, पण शास्त्र बरोबर पकडलंत. गड्ड्याच्या यात्रेत सातही नंदीध्वज पेलणारे लोक उभ्या अंगाने भार घेतात आणि भार घेऊन चालतात. मणक्याला, खुब्याला नेमकं तेच हवं असतं. (चाकधारी, तुम्ही मात्र थेट काठीला हात घालू नका.)

मी रोज साठी-सत्तरीचे रुग्ण बघते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हाडाला तोच तो हलका भार हजारो वेळा दिला तर त्याचं लक्ष उडतं. भार नेहमीपेक्षा जड हवा, झटक्याचा हवा आणि थोडाच वेळ हवा. काही दहा-वीस दणक्यांनंतर हाडाच्या पेशी दाद देईनाशा होतात, मग काही तास विश्रांती दिली की पुन्हा जाग्या होतात. म्हणून सकाळी थोड्या उड्या आणि संध्याकाळी थोड्या, हे एकदम शंभर उड्या मारण्यापेक्षा चांगलं. आपले सायकलवाले बरोबर उलटं करतात: हलका भार, तासन्‌तास.

"म्हाताऱ्या माणसाने वजन उचलू नये" ही समजूत घरोघरी आहे. ऑस्ट्रेलियात २०१८ साली लिफ्टमोर नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाळी गेलेल्या, हाडांची घनता कमी असलेल्या शंभरेक बायका, सरासरी वय पासष्टच्या आसपास. त्यांच्यातल्या एका गटाला आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, खरोखर जड वजन उचलायला लावलं. जमिनीवरून बार उचलणे, खांद्यावर बार घेऊन बैठका, डोक्यावर वजन ढकलणे आणि बारला लटकून खाली दाणकन उतरणे. आठ महिन्यांनी त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्के वाढली होती. घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची १.२ टक्के घटली होती. पण सगळा व्यायाम देखरेखीखाली झाला होता, वजन हळूहळू चढवलं होतं, आणि कुणाची पाठ कशी वाकते यावर बारीक लक्ष होतं. हा भाग गाळून लोक व्हिडिओ बघतात आणि माझ्याकडे येतात.

सुरुवात रिकाम्या बारनेही नको. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं. ते सोपं झालं की हातात पाण्याचा कॅन. कमरेतून न वाकता खुब्यातून वाकून तो कॅन उचलायला शिका, पाठ सरळ. हे एकदा अंगात मुरलं की जिममध्ये जा, आणि ट्रेनरला डेक्साचा रिपोर्ट दाखवा. ज्यांचा मणका कमजोर आहे त्यांनी पोटासाठी सिटअप्स मारू नयेत आणि पाठ गोल करून पायाचे अंगठे धरू नयेत. पुढे वाकलेल्या मणक्यावर भार आला की तो पुढच्या बाजूने चेपतो. योगवर्गात पश्चिमोत्तानासनाला सरळ "नाही" म्हणा. काही शिक्षकांना राग येतो, येऊ द्या.

सायकलस्वारीण

वय ५३, पाळी जाऊन चार वर्षं झाली. ३०० किमीच्या ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी) करते. दोन प्रश्न. एक, गुडघा कुरकुरतो, उड्या कशा मारू? दुसरा, इथे विचारायला संकोच वाटतो पण विचारते: उडी मारली की लघवीचे थेंब जातात. माझ्या मैत्रिणींपैकी निम्म्या याच कारणाने दोरीवरच्या उड्या टाळतात, फक्त बोलत नाहीत.

फिजिओताई

बरं झालं विचारलंत. आधी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, ज्यांनी आपण लघवी रोखून धरतो ते. ते आवळून धरायचे, सोडायचे, हा व्यायाम नीट शिकून रोज करा. दोन-तीन महिन्यांत पुष्कळ फरक पडतो. तो पडेपर्यंत उड्यांऐवजी टाचा: भिंतीला हात लावून दोन्ही टाचा वर उचलायच्या आणि धप्पकन खाली टाकायच्या. गुडघ्याला त्रास नाही आणि दणका खुब्यापर्यंत पोचतो. जिना उतरताना पाय जरा आवाज करत टाका. जिना चढणं दमसासासाठी, उतरणं हाडांसाठी असं समजा. आणि हाताला विसरू नका. मनगटासाठी भिंतीवर तळहात टेकून पुढे झुकायचं, मग ओट्यावर, मग जमिनीवर.

पाळी गेल्यानंतरची पहिली पाच-सात वर्षं घट सर्वात वेगाची असते. तुम्ही ऐन त्या काळात आहात. स्त्रीरोगतज्ज्ञांशी हार्मोनबद्दलही बोलून घ्या, नुसतं व्यायामावर ठेवू नका.

आणि ३०० किमीत काय खाता?

सायकलस्वारीण

राजगिऱ्याची चिक्की, केळी, चहा. खरं सांगायचं तर वजन वाढू नये म्हणून कमीच. 🙈

अस्थिकलश

तिथेच गोम आहे. लांब पल्ल्याचे सायकलवाले कायम उपाशी असतात आणि त्यांना त्याचा अभिमान असतो. चढावर वजन कमी असेल तर फायदा होतो, खरं आहे. पण खर्चाच्या मानाने खाणं कमी पडलं की शरीर आधी प्रजननाची आणि हाडांची कामं बंद ठेवतं. बायकांत पाळी चुकते म्हणून लवकर लक्षात येतं. पुरुषांत टेस्टोस्टेरॉन घसरतं आणि कुणाच्या ध्यानात येत नाही. चाकधारी, वजन किती तुमचं?

चाकधारी

उंची पाच फूट नऊ इंच, वजन ५८. तुम्ही विचाराल म्हणून आधी लिहिलं नव्हतं.

अस्थिकलश

ताटात भर घाला. प्रथिनं रोज किलोमागे एक ग्रॅमच्या खाली नकोत, जड व्यायाम सुरू केलात की थोडी जास्त. हाडाचा सांगाडा प्रथिनांचाच असतो, कॅल्शियम त्यात भरलं जातं.

मसाला_भाकरी

खाण्याचा विषय निघाला म्हणून. मी आहारतज्ज्ञ आहे, सोलापुरातलीच. आपल्याकडे एक गैरसमज फार खोल रुजलाय की "आम्ही ज्वारीची भाकरी खातो, आमची हाडं भक्कम". ज्वारी उत्तम धान्य आहे, पण १०० ग्रॅममध्ये कॅल्शियम तीसेक मिलिग्रॅम. नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. शेंगाचटणीवर माझंही प्रेम आहे, पण १०० ग्रॅम शेंगदाण्यात १०० मिलिग्रॅमसुद्धा नसतं, आणि १०० ग्रॅम चटणी कुणी खात नाही. (खात असाल तर वेगळं बोलू.)

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० च्या शिफारशीत मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम आणि पाळी गेलेल्या बायकांना १२०० सांगितलंय. आपल्या पद्धतीच्या जेवणात हे बसतं: दोन पेले दुधाचे मिळून पावणेपाचशे-पाचशे, वाटीभर दही. आठवड्यातून काही दिवस ज्वारीच्या जागी नाचणीची भाकरी. हुलग्याचं माडगं किंवा पिठलं, हुलग्यात १०० ग्रॅमला पावणेतीनशेच्या घरात आहे. शेवग्याचा पाला, तो तर दारात असतो आणि आपण शेंगा तोडून पाला टाकून देतो. भाकरीवर तीळ फक्त भोगीलाच का? पालकातलं कॅल्शियम मात्र त्यातल्याच ऑक्झॅलेट नावाच्या घटकामुळे अंगी लागत नाही, त्याच्यावर हिशेब धरू नका.

सायकलवाल्यांसाठी एक खास गोष्ट. घामातून कॅल्शियम जातं, आणि सोलापूरच्या एप्रिल-मेमधला घाम तुम्हाला मी सांगायला नको. रक्तातली पातळी जराशी घसरली की पॅराथायरॉइड हार्मोन वाढतं आणि हाडातून कॅल्शियम उचलून रक्तात आणतं. निघायच्या आधी कॅल्शियम घेतलं तर ही वाढ कमी होते, असं सायकलपटूंवरच्या प्रयोगात दिसलंय. तेव्हा पहाटे नुसता काळा चहा घेऊन निघू नका. दूध, दही, नाचणीची आंबील, जे पोटाला सोसेल ते.

बे_एके_बे

आमच्या गल्लीतल्या काकांना व्हॉट्सअॅपवर आलंय की रोज गव्हाएवढा चुना खा, हाडं लोखंडाची होतात. खाऊ का बे?

अस्थिकलश

नका खाऊ. चुन्यात कॅल्शियम आहे हे खरं, पण तो दाहक आहे, तोंड आणि अन्ननलिका भाजते. आणि आपल्याकडे चुना एकटा येत नाही, मागोमाग तंबाखू येते. तंबाखू हाडांचीही वैरीण आहे.

अनुस्वार

ड जीवनसत्त्वाचं काय? सोलापुरात एवढं ऊन की रस्त्यावर पापड भाजावेत. तरी माझा रिपोर्ट १४.

मसाला_भाकरी

तुम्ही उन्हात असता कधी? सूर्य उगवायच्या आत निघता, आठला घरी. वर पूर्ण बाह्यांची जर्सी, हेल्मेट, तोंडाला कापड. ज्या किरणांनी ड तयार होतं ते कोवळ्या उन्हात जवळजवळ नसतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचं ऊन कामाचं. आपल्या सावळ्या कातडीला वेळही जास्त लागतो. हिवाळ्यात अकराच्या सुमारास हातपाय उघडे टाकून थोडा वेळ गच्चीवर बसा. मे महिन्यात हा प्रयोग नको, उष्माघात व्हायचा. रक्तात २० च्या खाली म्हणजे कमतरता, डॉक्टरांकडून औषध घ्या. ती ६०,००० युनिटची पाकिटं मात्र किराणा मालासारखी आणून वर्षानुवर्षं घेऊ नका. ड शरीरात साठतं, जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि किडनीला त्रास होतो.

मिलवाल्याचा नातू

वाचतोय. आजोबांबद्दलचं पटलं. एक शंका आहे: माउंटन बाइकवाल्यांची हाडं रस्त्यावरच्या सायकलवाल्यांपेक्षा चांगली असतात असं कुठेतरी वाचलं. खरं का?

अस्थिकलश

हो, तसा अभ्यास आहे. धक्के बसतात आणि उभं राहून चालवणं जास्त होतं.

बे_एके_बे

मग आपल्या रस्त्यावर समदेच माउंटन बाइकर हाईत! टॅक्स वसूल!

फिजिओताई

😂 पण त्या खड्ड्यात पडून खुबा मोडला तर सगळा हिशेब उलटा. हाड ठिसूळ असणं आणि ते मोडणं यांच्या मध्ये एक पडणं असतं. साठीनंतर पडणं टाळणं हासुद्धा हाडांचाच उपाय आहे. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे राहू नका, रस्त्यावर सांडलेल्या कांड्यांवरून चाक सटकतं. बूट अडकवायचे क्लिपचे पॅडल वापरत असाल तर सिग्नलच्या आधीच पाय मोकळा करा. जागच्या जागी आडवं पडणं बिनवेगाचं दिसतं, पण ते थेट खुब्यावर येतं. दात घासताना एका पायावर उभं राहायची सवय लावा, बेसिनला हात जवळ असू द्या.

चाकधारी

सगळ्यांचे आभार. ड, थायरॉइड वगैरे उद्या देतो. रविवारचा तुळजापूर तसाच, मंगळवार-शुक्रवार सायकल बंद आणि वजनं. ट्रेनर वयाने माझ्या मुलाएवढा आहे, "अंकल हलकंच करू" म्हणत होता. त्याला फिजिओताईंचा प्रतिसाद वाचायला दिला. एक विचारायचं राहिलं: गोळ्या लागतील का मला?

अस्थिकलश

नुसत्या टी स्कोअरवर ठरत नाही. वय, आधीची फ्रॅक्चर, घरचा इतिहास, बाकीची औषधं सगळं मांडून पुढच्या दहा वर्षांतला धोका काढतात. आधी हाड मोडलेलं नसेल तर तुमच्या आकड्याला पुष्कळदा व्यायाम, आहार आणि पुन्हा तपासणी एवढ्यावर थांबता येतं. निर्णय तपासणाऱ्या डॉक्टरांचा. गोळी लागलीच, तर अ‍ॅलेंड्रोनेट आठवड्यातून एकदा: उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि चहासुद्धा नाही. दाताचं मोठं काम बाकी असेल तर ते आधी उरका.

गच्चीवरचा_वाचक

पहिल्यांदाच लिहितोय. सासऱ्यांना (वय ७४, अक्कलकोट रोड) हाडांसाठी डेनोसुमॅबचं इंजेक्शन चालू आहे, दर सहा महिन्यांनी. मागचं घेऊन सात महिने होत आले. आता बरं वाटतंय, सायकलवर भाजी आणतात, म्हणून पुढचं नको म्हणतायत. थांबवलं तर चालेल ना?

अस्थिकलश

नाही. हे औषध असं मध्येच सोडायचं नसतं. परिणाम उतरला की दाबून ठेवलेली झीज उसळून येते आणि एकामागून एक मणके चेपू शकतात. थांबवायचंच असेल तर त्याच्या जागी दुसरं औषध द्यावं लागतं, ते त्यांचे डॉक्टर ठरवतील. या आठवड्यातच घेऊन जा त्यांना. तोवर भाजीची पिशवी हँडलला लावायला सांगू नका, तोल जातो.

गच्चीवरचा_वाचक

उद्या सकाळची वेळ घेतली. सायकलवरच येतो म्हणतायत, रिक्षात बसवून नेतो.